सातवीच्या चार याद्या

प्रेमला लांजेवार यांनी आयुष्यात कधी वर्गात उभं राहून शिकवलं नाही. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या एका ट्रस्टच्या शाळेत त्या एकतीस वर्षं क्लार्क होत्या. प्रवेशाचे अर्ज, टी.सी., बोनाफाईड, जन्मतारखांच्या दुरुस्त्या असलं त्यांचं काम. काउंटरपलीकडे नवे पालक येऊन उभे राहिले की प्रेमलाबाई चष्म्यावरून एकदा बघत, आणि अर्जातला कुठला रकाना रिकामा राहणार ते त्यांना तिथेच कळे.

दर जूनमध्ये त्यांच्याकडे आणखी एक काम असे, तुकड्यांच्या याद्या करण्याचं. सहावीपासून पुढे प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या होत्या: ए, बी, सी आणि डी. कोणी कुठे बसायचं याचा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, पण प्रेमलाबाईंना तो पाठ होता. १९९१ साली त्या नोकरीला लागल्या तेव्हा निवृत्त होणाऱ्या क्लार्कनं एका दुपारी तो शिकवला होता. आधी वडिलांचा व्यवसाय बघायचा, मग क्वार्टरचा पत्ता. स्टील प्लांटमधल्या अधिकाऱ्यांची, डॉक्टरांची, सिविक सेंटरमधल्या मोठ्या दुकानदारांची मुलं ए मध्ये. ऑपरेटर, टेक्निशियन, बाबू लोकांची बी मध्ये. सी मध्ये इकडची तिकडची. आणि डी मध्ये ठेकेदाराकडे मजुरी करणाऱ्यांची, भांडीधुणी करणाऱ्या बायांची. पुढे शिक्षण हक्काचा कायदा आला आणि त्यातून पंचवीस टक्के मुलं आली, तीही मुकाट्यानं डी मध्ये गेली.

"यात वाईट काही नाही, बाई," ते जुने क्लार्क म्हणाले होते. "सारखी सारखी पोरं एका जागी बसली म्हणजे मास्तरले सोपं जाते."

प्रेमलाबाईंना ते पटलं होतं म्हणा, किंवा खटकलं नव्हतं म्हणा. त्यांचा पराग त्याच शाळेच्या बी तुकडीत शिकला, इंजिनियर झाला आणि पुण्याला गेला. त्यांच्या घरापुरता तो नियम सुखाचाच होता.

खटकलं ते २०१६ च्या एप्रिलमध्ये, निकालाच्या दुसऱ्या दिवशी. शाळेत झाडूपोछा आणि पिण्याच्या पाण्याचं काम करणाऱ्या तुळसाबाईंची नात रीना काउंटरशी आली. बारा वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. सहावी डी मधली. चारही तुकड्यांना पेपर एकच असे, आणि त्या वर्षी गणितात अख्ख्या सहावीत ती पहिली आली होती.

"मैडम, मेरा ए में कब होगा?"

"क्यों? डी में क्या तकलीफ है?"

"गणित वाली मैडम ए और बी में ही जाती हैं. हमारे में पी.टी. वाले सर आते हैं. वो किताब पढ़ने को बोलते हैं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पुढची बस किती वाजता सुटते, असं विचारावं तसं तिनं विचारलं. प्रेमलाबाई म्हणाल्या, "बघते," आणि ती गेली.

ही बातमी त्यांना नवी असायला नको होती. वेळापत्रक तर त्याच टाइप करत. डी तुकडीच्या गणितासमोर व्यायामशिक्षकाचं नाव दोन वर्षांपासून त्यांच्याच बोटांनी पडत होतं. पण टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. त्या दिवशी त्यांनी वेळापत्रकाचा कागद काढला आणि पहिल्यांदा वाचला.

संध्याकाळी त्यांनी शेषरावांना सांगितलं. शेषराव, त्यांचे यजमान, प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. क्वार्टरच्या अंगणात पाइपनं कुंड्यांना पाणी देत ते म्हणाले, "मंग तुले काय करायचं हाये? तू काय हेडमास्तर हायेस?"

"मी काय म्हणून राहिली, की ते पोरगी पहिली आली तरी डी मधेच राहीन. दहावीपर्यंत."

"राहीन तं राहीन. शाळेत येऊन तं राहिली ना."

प्रेमलाबाईंचं मन दुर्गच्या पलीकडे, एका लहान स्टेशनच्या रेल्वे कॉलनीत गेलं. त्यांचे वडील तिथे गँगमन होते. कॉलनीच्या प्राथमिक शाळेत एका इयत्तेला जेमतेम बारा-पंधरा मुलं. तुकड्या पाडायच्या म्हटल्या तरी पाडणार कुठून? त्यामुळे गँगमनची प्रेमला आणि असिस्टंट स्टेशन मास्तरांची हिरा एकाच तरटावर बसत. प्रेमलाला अपूर्णांक कळत नसत. हिराला कळत, पण ती समजावून वगैरे सांगत नसे. ती नुसती आपली पाटी तिरकी धरून बसे, प्रेमलाला दिसेल अशी. आणि हिराला पाढे येत नसत तेव्हा प्रेमला ओठ हलवत राही. प्रेमलाबाई पुढे मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या, नोकरीला लागल्या. यात त्यांची हुशारी किती आणि त्या तिरक्या पाटीचं देणं किती, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आता ते मनातून जाईना.

जूनमध्ये मुख्याध्यापक विजयकुमार सोनकुसरे मुलीच्या लग्नासाठी नागपूरला निघाले. माणूस वाईट नव्हता. गरीब मुलांना स्वतःच्या खिशातून वह्या देणारा, पण पालकांच्या आवाजाला भिणारा. जाताना म्हणाले, "याद्या नेहमीसारख्या करून बोर्डावर लावा, प्रेमलाताई. शाळा उघडायच्या दिवशी गोंधळ नको."

नेहमीच्या याद्यांना तीन दिवस लागत. एकेक अर्ज उघडायचा, व्यवसाय बघायचा, पत्ता बघायचा, कोणी चिठ्ठी पाठवलेली असेल तर तीही बघायची. या वेळी प्रेमलाबाईंनी सातवीची एकशे साठ नावं कॉम्प्युटरवर घेतली आणि अक्षरांच्या क्रमानं लावली. पहिलं नाव ए मध्ये, दुसरं बी, तिसरं सी, चौथं डी, पाचवं पुन्हा ए. वीस मिनिटांत काम झालं.

मग त्यांनी रीनाचं नाव शोधलं, आणि कपाळाला हात लावला. मोजणीत रीना पुन्हा डी मध्येच आली होती.

एक नाव इकडचं तिकडे करणं म्हणजे माउसचं एक बटण. बाईंचं बोट त्यावर बराच वेळ होतं. पण एकासाठी हलवलं की दुसऱ्यासाठी काहून नाही, असं कोणीही विचारलं असतं. त्यांनी बोट उचललं आणि चारही कागद छापले. बाकी इयत्तांच्या याद्या जुन्या रीतीनंच केल्या. सगळंच हलवण्याइतकं धाडस अंगात नव्हतं, हे त्या पुढे स्वतःच सांगत.

शाळा उघडली. रीना बोर्डासमोर उभी राहून आपलं नाव शोधत होती. सापडल्यावर तिनं ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. प्रेमलाबाईंनी मान खाली घातली आणि उगाच एक फाइल उघडली.

दुसऱ्या दिवशी पालक आले. पहिले आले सुशील दाणी. प्लांटमध्ये मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी. मूळचे वर्ध्याकडचे, मराठी मंडळाच्या गणपतीत लांजेवारांशी घरोबा असलेले. त्यांचा सुजय ए तुकडीतला, आता डी मध्ये पडला होता.

"काकू, हे काय झालं? सुजय डी मध्ये? कॉम्प्युटरची गलती दिसते."

"गलती नाही, भाऊ. अक्षराप्रमाणं आलं."

"तुमाले माहीत होतं ना, सुजय माझा पोरगा हाये म्हणून?"

"माहीत होतं."

सुशीलरावांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला आवाज जास्त बोचला. "आपलेच लोक असं करतील असं वाटलं नव्हतं, काकू."

तीन दिवसांत वीस-बावीस पालकांच्या सह्यांचं पत्र आलं. सोनकुसरे सर नागपूरहून परतले ते थेट ऑफिसात.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

"कोणी नाही सर. तुम्ही याद्या करा म्हणालात, केल्या."

"नेहमीसारख्या म्हणालो होतो. बदला त्या. आजच्या आज."

"बदलते सर. फक्त कशाच्या आधारानं बदलू ते लेखी द्या. वडिलांचा हुद्दा, क्वार्टर, जे काय असेल ते. मी त्याप्रमाणं करते आणि तो कागद याद्यांच्या बाजूला लावते, म्हणजे पालक पुन्हा विचारणार नाहीत."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. प्रेमलाबाईंनी एक जुनी फाइल पुढे सरकवली. शिक्षण हक्काच्या जागांवर आलेल्या मुलांना वर्गात वेगळं बसवू नये, असं सांगणारं पत्रक त्यात होतं. आवक क्रमांक टाकून त्यांनीच ते लावलं होतं.

"तुम्ही आता मला कायदा शिकवणार?"

"नाही सर. फाइल माझ्याकडे असते, एवढंच."

लेखी आदेश काही निघाला नाही. मनात वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली गोष्ट कागदावर उतरवायला पेन उचलेना. सर तसे सज्जनच, त्यामुळे लाजले. लाजले आणि चिडलेही. याद्या राहिल्या.

पुढे जे झालं ते प्रेमलाबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. पंधरा दिवसांत सुशील दाणी परत आले, या वेळी पाच-सहा जणांना घेऊन. सातवी डी ला गणित व्यायामशिक्षक शिकवतात हे सुजयनं घरी सांगितलं होतं. हे म्हणजे काय चाललंय, पोरांच्या भविष्याचं काय, ट्रस्टला आम्ही लिहू, वर्तमानपत्रात देऊ. सरांच्या केबिनमधून आवाज व्हरांड्यापर्यंत येत होते. तिथे तुळसाबाई घागर विसळत होती. आपल्या नातीच्या वर्गाला गणिताची बाई द्या म्हणून तिनं वर्षभरात चारदा हात जोडले होते. चारही वेळा "देखेंगे" हे उत्तर मिळालं होतं.

दहा दिवसांत गणिताची बाई आली. स्नेहल नाव, राजनांदगावची, नुकतीच बी.एड. झालेली. डी च्या वर्गाचा बंद पंखाही त्याच आठवड्यात सुरू झाला.

प्रेमलाबाईंनी ही गोष्ट शेषरावांना सांगितली तेव्हा ते खूप वेळ हसले, आणि मग एकाएकी हसायचे थांबले. "म्हणजे आपला पराग बी मधे होता म्हणून त्याले मास्तर भेटला, असंच ना?" त्यांनी विचारलं.

पण गोष्ट इथे गोड झाली असं कोणी समजू नये. सहामाहीत रीना गणितात पहिल्या नंबरवरून अकराव्यावर गेली. वर्गातली दहा-बारा मुलं सिविक सेंटरला ट्यूशनला जात. तिथे धडा आधीच होऊन जाई. स्नेहल फळ्यावर गणित मांडायच्या आत त्यांचं उत्तर तयार. नवखी स्नेहल खूश होऊन पुढच्या गणिताकडे वळे. जुन्या डी ची मुलं आपोआप मागच्या बाकांवर सरकली. यादी एक झाली, पण वर्गात पुढचे बाक ए आणि मागचे बाक डी, असं चित्र तयार झालं.

तुळसाबाई एका दुपारी ऑफिसच्या दारात उभी राहिली. तिच्या छत्तीसगढीत एरवी गोडवा असे, त्या दिवशी नव्हता. "बाई, मोर नोनी हर पहिली आवत रहिस. अब रोथे. कहिथे, मोला कुछू नइ आवय. तोर ये मिलावट ले का मिलिस?"

आपली नात पहिली यायची, आता रडते, मला काहीच येत नाही म्हणते. तुझ्या या सरमिसळीनं काय मिळालं? प्रेमलाबाईंना प्रश्न नीट कळला होता. अपमान सुशीलरावांनी केला तेव्हा त्या ताठ राहिल्या होत्या. गणपतीत मंडळाच्या बायकांनी त्या वर्षी त्यांना कुठल्याच कामाला बोलावलं नाही, तेही त्यांनी पचवलं. तुळसाबाईच्या प्रश्नानं मात्र त्या आतून हलल्या. आपण एक कागद बदलला आणि एका पोरीचा स्वतःवरचा विश्वास घालवला की काय?

त्या स्नेहलकडे गेल्या. स्टाफरूममध्ये ती वह्या तपासत होती. क्लार्कनं शिक्षकाला सांगायचं म्हणजे अवघडच. त्यामुळे त्यांनी सल्ला दिला नाही. रेल्वे कॉलनीतल्या हिराची आणि तिरक्या पाटीची गोष्ट सांगितली, आणि म्हणाल्या, "मले शिकवण्यातलं काही समजत नाही, पोरी. बाजूला कोण बसते, तेवढं समजते."

स्नेहलनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, माझं पण चुकूनच राहिलं. मी ज्याचा हात वर, त्यालेच विचारून राहिली."

सोमवारी तिनं डब्यातून चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या. दर पंधरवड्याला नवी जोडी. हात वर करायचा नाही, ती विचारेल त्यानं सांगायचं, आणि आपलं नाही तर शेजाऱ्याचं गणित समजावायचं. रीनाच्या शेजारी एकदा सुजय आला. पहिला आठवडा दोघंही भिंतीसारखे. सुजयला सूत्रं पाठ होती, पण शाब्दिक उदाहरण आलं की तो अडखळे. रीनाला सूत्र माहीत नसलं तरी ती बोटांवर, रेघांवर कुठून तरी वाट काढे. दोघं एकमेकांचे दोस्त झाले असं काही नाही. वर्षभरात दोघांनी मिळून डबा खाल्ल्याचं कोणी पाहिलं नाही. पण वार्षिकला रीना चौथी आली आणि सुजयचे शाब्दिक उदाहरणांचे मार्क वाढले. सुशीलरावांनी नंतर तुकडीचा विषय काढला नाही.

याद्यांचं काम मात्र प्रेमलाबाईंच्या हातून गेलं. पुढच्या जूनपासून त्यांना पुस्तकांच्या भांडारात बसवलं. ती सातवीची बॅच सरमिसळ तशीच दहावीपर्यंत गेली, कारण तिला हात लावून नवा वाद कोणाला नको होता. बाकीच्या इयत्तांना सरांनी एक परीक्षा ठेवली आणि गुणांप्रमाणे तुकड्या पाडल्या. आता व्यवसायाचा रकाना बघावा लागत नव्हता. तरी ए मध्ये बहुतेक तीच मुलं आली.

२०१८ मध्ये गीतांजली आली. रायपूरला पीएच.डी. करणारी, शाळांमधल्या तुकड्यांवर अभ्यास करणारी. या सरमिसळ बॅचचे आणि दुसऱ्या एका बॅचचे गुण तिनं तक्ते करून मांडले होते. भांडारात, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून ती प्रेमलाबाईंना सांगत होती, की या विषयात विद्वानांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मुलं ज्या पातळीला आहेत त्या पातळीचंच शिकवा, नाही तर मागची मुलं आणखी मागे पडतात. दुसरा म्हणतो, वेगळं काढलं की मागच्यांना मागचंच सगळं मिळतं: शिक्षक, खोली, अपेक्षासुद्धा.

"मंग बरोबर कोण?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या बॅचमध्ये खालच्या मुलांचे गुण वाढलेत आणि वरच्यांचे कमी झाले नाहीत. पण एका शाळेवरून ठरवता येत नाही."

"पहिले सहा महिने तं पहिला पक्षच खरा होता," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रीनाचं रडणं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि एक लिहून घे. सरमिसळ केली म्हणून पोरं शिकली, असं नाही. सायबाचा पोरगा डी मधे आला म्हणून डी ले मास्तर भेटला. तुळसाबाई वर्षभर मागत होती."

गीतांजलीनं ते वाक्य दोनदा विचारून लिहून घेतलं.

प्रेमलाबाई २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. त्याआधीच क्वार्टर सोडून शेषराव आणि त्या जुनवानी भागातल्या आपल्या घरी राहायला गेले होते. पुढच्या वर्षी गीतांजलीचा फोन आला: पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली आहे, याल का? बाई रायपूरला गेल्या आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसल्या. इंग्रजी सगळं कळत नव्हतं, पण पडद्यावर एका जागी त्यांना आपलंच वाक्य दिसलं. खाली लिहिलं होतं, एक शिक्षकेतर कर्मचारी. साहेब, मास्तर, तुळसाबाई, सगळं इंग्रजीत फार नीटनेटकं झालं होतं.

बाहेरून आलेल्या वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, हा परिणाम तुकड्या मिसळल्याचा की नव्या शिक्षिकेचा, हे वेगळं कसं काढलंत? गीतांजली म्हणाली, नाही काढता आलं. प्रेमलाबाईंना ती मुलगी त्या उत्तरासाठी आवडली.

चहाच्या वेळी गीतांजलीनं ओळख करून दिली तेव्हा प्राध्यापकांनी दोन्ही हात जोडले. ते नागपूरचे निघाले. मराठीत म्हणाले, "बाई, आम्ही नुसतं लिहितो. तुम्ही करून दाखवलंत. फार मोठं काम आहे."

प्रेमलाबाईंनी कप खाली ठेवला.

"सर, एक वर्ष मी तशी यादी केली," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी पंचवीस वर्षं दुसरी केली. दर वर्षी चाळीस पोरं एकेका डी मधे. माझ्याच हातानं. त्यातली कोण कुठे गेली, कोणाले गणित येत होतं, मले एकाचंही नाव सांगता येत नाही. त्यांच्यावर कोणी लिहून राहिलं का?"

गीतांजलीनं पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, ते जुने अर्ज शाळेत अजून असतील का. "भांडाराच्या मागच्या खोलीत," बाई म्हणाल्या. "वाळवी नसेल लागली तं." सोमवारी दोघींनी मिळून जायचं ठरलं. मग प्रेमलाबाईंनी उरलेला चहा संपवला आणि दुर्गकडची बस कुठून सुटते ते विचारलं.